फेरीला एक लिटर

डॉक्टरांनी माझ्या धाकट्या भावाला सांगितलं होतं, रोज अर्धा तास चालत जा आणि जेवणातलं मीठ कमी कर. चाला म्हटल्यावर माणूस चालतो. हा पळायला लागला. बरं, पळायचं म्हणजे तरी किती? कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जावं, माघारी यावं, घाम पुसावा, झालं. पण नाही. आधी तासभर, मग दोन तास, मग सुट्टीच्या दिवशी पहाटे घराबाहेर पडायचा तो उन्हं चढल्यावर लंगडत यायचा. पायाची नखं काळी पडून गळायला लागली. एकदा न्हाणीघरात अख्खं अंगठ्याचं नख सापडलं तर त्याची बायको अशी किंचाळली की वरच्या मजल्यावरची माणसं खाली आली. मी म्हटलं, अरे शहाण्या, बीपी कमी करायला निघालास आणि घरातल्या सगळ्यांचं वाढवलंस.

तो हसला. माझ्या रागावर तो नेहमी हसतो, किंवा गप्प बसतो.

आम्ही दोघं एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला आहोत. मी एकतीस वर्षं, तो तेवीस. लाँड्री तळघरात आहे. वरच्या सात मजल्यांवरच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं आमच्याकडे येतं. आलेल्या गठ्ठ्याचं आधी वजन होतं, मग धुणं, सुकवणं, इस्त्री, घड्या, आणि वर पाठवताना पुन्हा वजन. इस्त्रीसाठी रोलर आहे, खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लांब, तापलेला. एका बाजूने दोघांनी दमट चादर ताणून आत सरकवायची, दुसऱ्या बाजूने ती कडक होऊन बाहेर येते. माझा भाऊ सरकवणाऱ्यांतला. दिवसभर त्या धगीपुढे उभा. सगळे त्याला चिमटा म्हणतात. अंगाने तसाच आहे, आणि एकदा धरलं की सोडत नाही. मला सगळे ताई म्हणतात, माझ्याहून मोठी माणसंसुद्धा. ते प्रेमाने म्हणत नाहीत, हे मला चांगलं माहीत आहे.

चार वर्षांपूर्वी घड्या घालणारी मावशी उष्म्याने चक्कर येऊन पडली. डोकं ट्रॉलीच्या कडेवर आपटलं, सात टाके पडले. तेव्हापासून सुपरवायझरने नियमच केला. दर वीस मिनिटांनी घंटा वाजणार, आणि हातातलं काम टाकून प्रत्येकाने पेलाभर पाणी प्यायचं. पाण्याचा जग माझ्या हातात दिला. मी रांगेने जाते, पेला भरते आणि तो रिकामा होईपर्यंत समोरून हलत नाही. ‘नको ताई, आत्ताच प्यायलो’ वगैरे माझ्यापुढे चालत नाही. त्या दिवसापासून आमच्या तळघरात एकही माणूस पडलेलं नाही. मला त्याचा भारी अभिमान होता.

आमची आई गेली तेव्हा चिमटा चार वर्षांचा होता आणि मी सतरा. वडील होते, पण असून नसल्यासारखे. त्याला न्हाऊ-माखू घातलं मी, शाळेत घातलं मी, आणि नववीत असताना शाळेतून काढलं तेही मीच. लाँड्रीत एक जागा निघाली होती आणि घरात दुसरा इलाज नव्हता. त्याने तोंडातून ब्रसुद्धा काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यामागून चालत कामावर आला. मला वाटलं, पोरगं समजूतदार आहे.

असा हा माणूस अडतिसाव्या वर्षी म्हणतो, ताई, मला शंभर किलोमीटर पळायचंय. शंभर! एवढं अंतर बसने जायचं तरी माणूस डबा बांधून घेतो.

पहिल्यांदा पळाला ते गेल्या वर्षी. अशा शर्यतीत पळणाऱ्याबरोबर मदतीला एक माणूस लागतो. खायला द्यायचं, प्यायला द्यायचं, बूट बदलायचे, मांड्या घासून सोलवटल्या की व्हॅसलीन काढून द्यायचं. आणि एक अधिकार त्या माणसाला असतो. पळणाऱ्याच्या छातीवर नंबराचं कापड टाचलेलं असतं. ते काढून अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवलं की त्याची शर्यत तिथेच संपली. पुन्हा लावता येत नाही. पळणारा स्वतः काढू शकतो, डॉक्टर काढू शकतात, किंवा तो मदतीचा माणूस. म्हणजे मी.

गेल्या वर्षी सत्तर किलोमीटरवर त्याला लागोपाठ तीन उलट्या झाल्या. चेहरा पांढराफटक.  मी मागचापुढचा विचार न करता चारही पिना उपसल्या आणि नंबर टेबलावर नेऊन आपटला. नंतर डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, यांना काही झालेलं नाही, दहा मिनिटं बसले असते तर उठून पळाले असते. काय तोंड दाखवायचं मी? तो मला काहीच बोलला नाही. तीन आठवडे नुसतं हं आणि हो. रोलरच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी, आणि मधून चादरी येतायत. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

मग एका दुपारी, मशीन बंद असताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, “ताई, मी आजपर्यंत एकही गोष्ट शेवटपर्यंत केलेली नाही. ही एक करू दे. या वेळी माझा नंबर तू काढायचा नाहीस.”

‘एकही गोष्ट’ म्हणाला. शाळेचं नाव घेतलं नाही त्याने, पण मला काही कळत नाही का? मी म्हटलं, “नाही काढणार. शब्द देते.”

तेव्हापासून मी एकच विचार करत होते की गेल्या वर्षी उलट्या का झाल्या. आणि माझं मीच उत्तर काढलं. पाणी कमी पडलं. दुसरं काय असणार? दिवसभर पळतो आणि घोटघोट पितो, कसं पुरेल? या वेळी पाण्याचं माझ्याकडे, असं मी ठरवून टाकलं. शर्यत एका मोठ्या तलावाभोवती होती. पाच किलोमीटरची फेरी, अशा वीस फेऱ्या, पहाटे पाच ते रात्री आठ, पंधरा तासांत पुऱ्या करायच्या. दर फेरीला तो माझ्यासमोरून जाणार. मी हिशेब सोपा ठेवला. फेरीला एक लिटर. अर्धा लिटर माझ्यासमोर उभं राहून प्यायचा, अर्धा हातातल्या बाटलीतून वाटेत. त्याला सांगितलं तर म्हणाला, “बरं, ताई.”

निघताना त्याची बायको सात महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन दारात उभी होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, मला मेडल-बिडल नको. हे धड परत आले पाहिजेत.” मी म्हटलं, “माझ्यावर सोड.”

तलावाकाठी पोचलो तेव्हा अंधार होता आणि गारवा. दिवस उजाडला तोही ढगाळ, अंगावर वारा. मला हायसं वाटलं, ऊन नाही म्हणजे त्रास नाही. पळणाऱ्यांच्या मदतनिसांना ओळीने टेबलं दिली होती. मी बाटल्या मांडल्या, केळी मांडली, उकडलेले बटाटे मांडले. बटाटे बिनमिठाचे. बीपीवाल्याला मीठ कसं देणार? माझ्या शेजारच्या टेबलावर एक निवृत्त पोस्टमन होते, त्यांची मुलगी पळत होती. त्यांच्या टेबलावर खारी बिस्किटं, खारे दाणे, मिठाच्या गोळ्या. मला म्हणाले, “यातलं थोडं देत जा तुमच्या भावाला, ताई.”

बघा, त्यांनीही ताईच म्हटलं.

“आमच्याकडे मीठ बंद आहे,” मी म्हटलं. जरा तोडूनच म्हटलं. मला कोणी शिकवायला आलं की डोक्यात तिडीक जाते.

पाचव्या फेरीनंतर वजन करायचं होतं, मग दहाव्या, मग पंधराव्या. पळून पळून अंगातलं पाणी आटलं तर वजन घटतं, म्हणून. वजनकाट्यापाशी एक कॉलेजातली मुलगी स्वयंसेवक म्हणून बसवली होती. सुरुवातीला चिमट्याचं वजन अठ्ठावन्न किलो भरलं होतं. पाचव्या फेरीनंतर साडेअठ्ठावन्न. शेजारच्या पोस्टमनकाकांच्या मुलीचं एक किलो घटलं होतं. मी मनातल्या मनात म्हटलं, बघा म्हणावं आता.

दहाव्या फेरीपर्यंत तो घड्याळासारखा येत होता, चाळीस मिनिटांनी एक फेरी. यायचा, बाटली घ्यायचा, मी समोर उभी. शेवटचा घोट होईपर्यंत मी दुसरी बाटली हातात देत नव्हते. सातव्या का आठव्या फेरीला त्याने अर्धी बाटली पिऊन खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी नुसत्या भुवया वर केल्या. त्याने ती उचलून संपवली. दहाव्या फेरीनंतर वजन साडेएकोणसाठ. मी त्या मुलीला विचारलं, “हे ठीक आहे ना?” ती म्हणाली, “घटलं तर सांगायचं, असं मला सांगितलंय. यांचं तर छान आहे.” मी घरी फोन लावून सांगितलं, पन्नास झाले, ठणठणीत आहे, उलट वजन वाढलंय त्याचं. भावजय हसली. सकाळपासून पहिल्यांदा तिचा आवाज मोकळा वाटला.

बाराव्या फेरीला त्याने बुटाच्या नाड्या सैल करून मागितल्या. पाय सुजतात एवढं पळून, ते मला ठाऊक होतं. मी खाली बसून नाड्या सोडल्या. मनगटावर शर्यतवाल्यांनी कागदी पट्टा बांधला होता, तो मांसात रुतला होता. तोही मी कात्रीने कापला. चेहरा भरल्यासारखा दिसत होता. आता सांगायला लाज वाटते, पण मला वाटलं, तोंडावर तेज आलंय.

चौदाव्या फेरीला म्हणाला, “डोकं दुखतंय गं.”

“पाणी कमी पडतंय,” मी म्हटलं, आणि त्या वेळी लिटराच्या वर आणखी एक पेला पाजला.

पंधराव्या फेरीनंतर काट्यावर एकसष्ट भरलं. त्या मुलीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पंचाहत्तर किलोमीटर झाले होते, गेल्या वर्षी जिथे मी त्याला थांबवलं होतं ती जागा मागे पडली होती, आणि घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं. हातात साडेचार तासांच्या वर वेळ होता. मला रडू यायला लागलं. या वेळी करतोय माझा भाऊ, शेवटपर्यंत करतोय.

सोळाव्या फेरीला तो चाळीस मिनिटांनी आला नाही. पंचेचाळीसनेही नाही. मी टेबल सोडून रस्त्यावर जाऊन उभी राहिले. बावन्न मिनिटांनी आला. पाय फाकवून, फताफता टाकत. मी बाटली पुढे केली. त्याने ती घेतली आणि म्हणाला, “ताई, तीन नंबरच्या ड्रमचं दार कुणी उघडं टाकलंय? पाणी सगळं खाली आलंय.”

मला हसू आलं. पोस्टमनकाकांना सांगितलंसुद्धा, बघा, पळतानासुद्धा डोक्यात लाँड्रीच. काका हसले नाहीत. ते म्हणाले, “डॉक्टरांना दाखवा.” मी वळून चिमट्याकडे पाहिलं. तो बाटली तोंडाला लावून पीत होता, आणि अर्धं पाणी हनुवटीवरून गळत होतं, आणि त्याला ते कळत नव्हतं.

“ठीक आहेस ना रे?” मी विचारलं.

“हो,” म्हणाला. आणि निघाला.

पुढचा तास माझा कसा गेला ते मलाच माहीत. डॉक्टरांचा तंबू दोनशे पावलांवर होता. मी चारदा उठले आणि चारदा बसले. गेलं आणि त्यांनी त्याला थांबवलं तर? गेल्या वर्षीसारखंच ‘यांना काही झालेलं नाही’ म्हणाले तर? शब्द दिलाय मी. दमलेला माणूस बरळतोच. चार फेऱ्या उरल्यात, पावणेचार तास आहेत, नुसता चालला तरी पोचेल. पण ते ड्रमचं दार काही डोक्यातून जाईना. तेवढ्यात भावजयीचा फोन आला. कसे आहेत? मी म्हटलं, मस्त. आवाज माझा मलाच परका वाटला. तिने विचारलं, “खरं ना, ताई?” मी म्हटलं, “खरं म्हणजे? खोटं कशाला बोलू?” आणि फोन ठेवून दिला. 

हाताला काम हवं म्हणून मी रिकाम्या बाटल्या पिशवीत भरायला घेतल्या. एक, दोन, तीन. भरता भरता मी थांबले. पिशवी भरली होती आणि अजून बाटल्या उरल्याच होत्या. एवढं पाणी गेलं कुठे? घाम तर दिसत नव्हता, शर्ट पाठीवर सुकलेला होता. आणि सकाळी दोन-तीनदा झुडपामागे जाऊन आला होता, त्यानंतर नाही. दुपारनंतर एकदाही नाही.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एकतीस वर्षं मी गठ्ठ्यांची वजनं करतेय. वर पाठवताना गठ्ठा आला त्यापेक्षा जड भरला तर आम्ही काय म्हणतो? शाबास म्हणतो का? आम्ही म्हणतो, आत ओल आहे, परत काढा. दहा तास पळणाऱ्या माणसाचं वजन तीन किलो वाढतं कसं? केळी आणि बटाटे खाऊन? ते त्याचं वजन नव्हतंच. ते माझं पाणी होतं. त्याच्या अंगात साठलेलं, बाहेर न पडलेलं, मी समोर उभं राहून एकेक घोट घ्यायला लावलेलं.

 मी पळाले. एक्कावन्न वर्षांची, गुडघे गेलेली बाई मी, फेरीच्या उलट्या दिशेने पळत सुटले. लोक ओरडत होते, बाई, इकडून नाही. अर्ध्या किलोमीटरवर तो दिसला. चालत होता, रस्ता सोडून तलावाच्या बाजूच्या गवतात. मी हाक मारली. त्याने बघितलं, पण ओळख नव्हती त्या बघण्यात. हातातली बाटली त्याने तोंडाकडे नेली. माझ्यासाठीच नेली असणार. मी ती हिसकावून फेकली आणि पिना उपसायला लागले. पहिल्या तीन निघाल्या. चौथी निघेना, माझी बोटं ऐकेनात, तेव्हा मी कापडच फाडलं. त्याने माझं मनगट धरलं आणि म्हणाला, “नको, नको ना.” मला वाटलं, या माणसाने मला जन्मात माफ केलं नाही तरी चालेल, पण जगू दे.

पोस्टमनकाकांनी आधीच डॉक्टरीणबाईंना पाठवलं होतं. त्या धावत आल्या. त्यांनी त्याच्या बोटांची सूज बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मला विचारलं, “किती पाणी दिलं?”

“फेरीला एक लिटर.”

“मीठ? खारं काही?”

मी नाही म्हणून मान हलवली.  त्या स्ट्रेचरवाल्यांना म्हणाल्या, “साध्या पाण्याचा एक थेंब द्यायचा नाही यांना. रक्तातलं मीठ पार विरलंय, मेंदूला सूज चढतेय. जास्त मिठाचं सलाईन काढा, आत्ता.” मला ते शब्द कळायला वेळच लागला नाही. गाडीत चढवता चढवता त्याला झटका आला. दात आवळले, डोळे पांढरे झाले, सगळं अंग धनुष्यासारखं ताठ. मी माझ्या भावाचं नाव घेऊन ओरडत होते आणि कोणीतरी मला खांद्याला धरून मागे ओढत होतं.

दोन दिवस तो अतिदक्षता विभागात होता. आमचं हॉस्पिटल नव्हे, तलावाजवळचं लहान होतं. भावजय बाळाला आईकडे ठेवून आली. बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, “डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर हातचे गेले असते. ताई, तुम्ही शब्द मोडलात म्हणून वाचले हे.” आणि तिने माझा हात हातात घेतला. सुपरवायझरचा फोन आला, तोही तेच म्हणाला. लाँड्रीतली सगळी भेटायला आली, मावशीने माझ्या गालांवरून हात फिरवला. मी आपली गप्प.  डॉक्टरीणबाईंनी कोणाला काही सांगितलं नव्हतं. सांगायचं तर मीच सांगायचं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला साध्या खोलीत आणलं. सूज उतरली होती, पुन्हा हाडं दिसत होती. भावजय फोनवर बाळाची चौकशी करायला बाहेर गेली तेव्हा मी खुर्ची जवळ ओढली. बोलायचं म्हणून दोन दिवस जुळवून ठेवलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना.

“तुझा नंबर मी काढला,” मी म्हटलं.

“माहितेय.”

“पण त्याच्या आधी मीच तुला या खाटेवर आणलं. पाणी जास्त झालं होतं. मी पाजलं ते. सगळे म्हणतात मी वाचवलं, पण मारायलाही मीच निघाले होते रे.” आणि मी रडले. मी कोणासमोर रडत नाही. त्या दिवशी हुंदके देऊन रडले.

 तो छताकडे बघत म्हणाला, “मला तहान नव्हती गं. सातव्या फेरीपासून नव्हती. पोटात डुचमळत होतं सगळं. दोनदा वाटेत तलावात ओतून टाकावं वाटलं.”

मी डोळे पुसले. राग आला मला, खरंच आला, अशा वेळीसुद्धा. “मग बोलला का नाहीस? तोंड नव्हतं तुला? नको म्हणायला काय झालं होतं?”

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शांतपणे, लहान असताना जेवायला बसल्यावर पाहायचा तसं.

“तुला कधी नको म्हटलंय मी?” तो म्हणाला.

मी आठवायला लागले. हे तर म्हटलं असेल, ते तर म्हटलं असेल. कपड्यांना, औषधाला, कामाला, लग्नाच्या मुलीला. आठवत गेले आणि बसल्या जागी गार पडत गेले. अडतीस वर्षांत एकदाही नाही. आणि मला ते आजवर कधी दिसलंच नव्हतं.

तेवढ्यात नर्स ताट घेऊन आली. खिमटासारखं काहीतरी पातळ, मऊ होतं. तिने दारातूनच मला विचारलं, “यांना देऊ का थोडं?”

‘हो, द्या की,’ माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. नर्सला हाताने थांबायची खूण केली आणि त्याच्याकडे बघत राहिले. त्याला आधी कळलंच नाही मी कशासाठी थांबलेय. त्याने नर्सकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फार वेळ लागला त्याला.

“नको,” तो म्हणाला.

“बरं,” मी म्हटलं.